बंद शटरची जागा

नागपूरहून निघालेली एस.टी. वरोरा, भद्रावती करीत चंद्रपुरात पोहोचते आणि तेथून मूल, सावली, व्याहाड या मार्गाने वैनगंगेच्या पुलावर येते. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. दोन्ही काठांवर धानाची शेती आहे, मोह आणि तेंदू आहे, साग आणि बांबू आहे. आठवडी बाजारातील बोलीही जवळपास सारखीच आहे. तरीही हा पूल ओलांडताना एक कायदा बदलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे जो व्यवसाय आज नदीच्या एका काठावर परवान्याने चालतो, तोच दुसऱ्या काठावर गुन्हा ठरतो.

या दोन जिल्ह्यांची वाट प्रवासी सहसा ताडोबाच्या वाघांसाठी, भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी किंवा आनंदवन आणि हेमलकसा पाहण्यासाठी धरतात. रस्त्याच्या कडेला असलेल्या एका साध्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ती गोष्ट म्हणजे कधीकाळी दारू विकणारी आणि नंतर शटर ओढून घेतलेली दुकाने. दुकान बंद होणे ही बातमी असते. वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येते, महिलांचा सत्कार होतो. त्यानंतर त्या चार भिंतींचे आणि त्यांच्याखालच्या जमिनीचे काय होते, हा प्रश्न मागे राहतो. या दोन जिल्ह्यांचा गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहिला, तर तोच प्रश्न अधिक टिकाऊ असल्याचे लक्षात येते.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गडचिरोलीतील चळवळ १९८७-८८ च्या सुमारास उभी राहिली. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग, मोहन हिराबाई हिरालाल, मेंढा-लेखा गावाचे देवाजी तोफा आणि गावोगावच्या स्त्रिया तिच्यात होत्या. त्या वेळच्या पाहणीचा निष्कर्ष हिशेबी माणसाला विचार करायला लावणारा होता : शासनाची जिल्ह्यासाठीची वार्षिक विकास योजना सुमारे १४ कोटी रुपयांची होती, आणि जिल्ह्यातील लोकांचा दारूवरचा वार्षिक खर्च सुमारे २० कोटी रुपयांचा होता. सरकार एका हाताने देत होते त्याहून अधिक रक्कम दुकानाच्या खिडकीतून बाहेर जात होती. गावागावांनी ठराव केले, ग्रामसभा झाल्या, आणि अखेर १९९३ मध्ये जिल्हाभर बंदी लागू झाली. वर्धा जिल्ह्यात ती १९७५ पासूनच होती.

चंद्रपूरला मात्र आणखी बावीस वर्षे लागली. ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पदयात्रा निघाली. हिवाळी अधिवेशनाच्या दारात हजारो स्त्रिया जाऊन उभ्या राहिल्या. समिती नेमली गेली, अहवाल आला, निवडणूक झाली, आणि २०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला जिल्ह्यातील पाचशेहून अधिक परवानाधारक दुकाने आणि बार एकाच दिवशी बंद झाले. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने ती बंदी उठवली. अवैध दारूचा सुळसुळाट, तस्करीत स्त्रिया आणि मुले ओढली जाणे, महसुलाची हानी अशी कारणे त्यामागे सांगितली गेली. जुलैपासून शटर पुन्हा वर जाऊ लागले.

या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बंदीच्या काळात चोरटी दारू आली, बनावट दारू आली, पोलिसांवरचा ताण वाढला. त्याचबरोबर अनेक घरांत मजुरीचा पैसा घरापर्यंत पोहोचू लागला, हेही त्या घरांतील बायकांनी वारंवार सांगितले. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वादाचा निवाडा करणे हा नाही. सहा वर्षांनंतर पाचशे शटर इतक्या सहजपणे वर कसे जाऊ शकले, एवढेच येथे पाहायचे आहे.

त्याचे उत्तर राजकारणापेक्षा व्यवहारात अधिक आहे. महाराष्ट्रात दारूविक्रीचा परवाना ही दुर्मिळ वस्तू आहे. विदेशी मद्याची किरकोळ दुकाने आणि देशी दारूची दुकाने यांचे नवे परवाने गेली अनेक दशके जवळजवळ दिलेच गेलेले नाहीत. ज्याच्याकडे जुना परवाना आहे, त्याच्याकडे बाजारात मोल असलेली मालमत्ता आहे. हा परवाना हवेत राहत नाही. तो एका ठरावीक जागेला जोडलेला असतो. ती जागा शाळा आणि देवस्थान यांपासून विहित अंतरावर असावी लागते, तिचे कागद स्पष्ट असावे लागतात, जागा भाड्याची असेल तर मालकाशी करार असावा लागतो. चंद्रपुरात बंदी आल्यावर काहींनी आपले परवाने इतर जिल्ह्यांत हलवले. उरलेल्यांनी वाट पाहिली. वाट पाहणाऱ्याने जागा विकली नाही, तिचे रूप बदलले नाही. कोणी पुढच्या भागात चहा-नाश्ता सुरू केला, कोणी किराणा मांडला, कोणी नुसते कुलूप लावून ठेवले. मागची गोदामाची खोली, जाळीची खिडकी, ग्राहकांसाठीचा ओटा तसाच राहिला. सरकार बदलले, तेव्हा रंगरंगोटीपलीकडे फारसे काही करावे लागले नाही.

गडचिरोलीत मात्र तीन दशके उलटून गेली. एवढ्या काळात एक पिढी बदलते. जुने दुकान ज्याच्या नावावर होते, त्याच्या वारसांनी तेथे दुसरे काही केलेले असते, घर बांधलेले असते, किंवा भिंती पडून जागा गावठाणात मिसळून गेलेली असते. बंदी उठावी अशी मागणी गडचिरोलीतही अधूनमधून होते. परंतु शटर वर करायला तयार बसलेली दुकानेच तेथे जवळपास उरलेली नाहीत. चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यातला हा फरक कोणत्याही शासन-आदेशात लिहिलेला नाही. तो जमिनीवर आहे.

गावातील देशी दारूच्या दुकानाची जागा कशी असते, हे आता पाहू. ती बहुधा गावाच्या तोंडाशी, पक्क्या रस्त्यालगत असते. एस.टी.चा थांबा जवळ असतो, विजेचा खांब दारात असतो, समोर हातपंप किंवा नळ असतो, गाडी वळवायला थोडी मोकळी जागा असते. धंद्याला जे लागते तेच हे सारे. आणि विचार केला तर माणसाला राहायला जे लागते तेही हेच. पावसाळ्यात ज्या वस्तीत चिखलातून पाय उचलत जावे लागते, जेथे वीज शेवटी पोहोचते आणि आजारी माणसाला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, त्या वस्तीतील कुटुंबाला अशी जागा मिळाली, तर त्याचे आयुष्य बरेच सोपे होईल. गावातील सर्वांत सोयीची जागा इतकी वर्षे दुकानाकडे होती, एवढेच.

दुसऱ्या बाजूला घरकुलांची गरज आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाटीच्या भागातील लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये, आणि डोंगराळ, दुर्गम व नक्षलप्रभावित विशेष जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. गडचिरोली दुसऱ्या वर्गात मोडते. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. शौचालयासाठी वेगळे १२ हजार रुपये, आणि रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी, अशी जोडही आहे. आदिवासी कुटुंबांसाठी शबरी योजना आणि अनुसूचित जातींसाठी रमाई योजना वेगळ्या आहेत. घर बांधण्याचा पैसा अपुरा असला, तरी मिळतो. अडचण येते ती पायाखालच्या जमिनीची. यादीत नाव आले, मंजुरी आली, पण बांधायला स्वतःची जागाच नाही, अशी कुटुंबे गावोगावी असतात. यासाठीच राज्य शासनाने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आणली. ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्यासाठी प्रारंभी कमाल ५० हजार रुपये साहाय्य होते. पुढे ही मर्यादा १ लाखापर्यंत वाढविण्यात आली. तरीही रस्त्यालगतची जागा त्या पैशांत मिळणे कठीण, आणि गावाबाहेरची शेतजमीन घेतली तर ती अकृषिक करण्याचा खटाटोप मागे लागतो. बंद दुकानाची जागा बहुधा गावठाणातच असते, त्यामुळे तो एक टप्पा तेथे वाचू शकतो.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून साधा हिशेब मांडता येतो. समजा, एखाद्या गावात २,००० चौरस फुटांची बंद दुकानाची जागा आहे. ५०० चौरस फुटांची तीन घरकुले तीत बसतात आणि आणखी ५०० चौरस फूट वाट, नाली आणि नळकोंडाळे यांसाठी उरतात. जागाखरेदीचे साहाय्य तीन कुटुंबांचे मिळून कमाल ३ लाख रुपये. घरबांधणीचे साहाय्य चंद्रपूरच्या सपाट भागात ३ लाख ६० हजार. मालकाची अपेक्षा ३ लाखांहून अधिक असेल, आणि रस्त्याकडेच्या जागेला ती असणारच, तर मधली तफावत कोणी भरायची हा खरा प्रश्न आहे. ती रक्कम लहान नसते. पण गावातील आणि तालुक्याच्या पेठेतील चार-पाच सुस्थित कुटुंबांनी मनावर घेतले, तर आवाक्याबाहेरचीही नसते. एखाद्या धर्मशाळेची एक खोली बांधायला याहून फारसे कमी लागत नाही.

हिशेब कागदावर सोपा असला, तरी अशा जागेत चार गोष्टी आधी तपासाव्या लागतात. पहिली, मालकी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. ती केवळ कर आकारणीची नोंद असते. गावठाणाचे भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर जुने खरेदीखत आणि वारसनोंद पाहावी लागते. शहरालगतच्या जागा विदर्भात पुष्कळदा नझूलच्या असतात आणि तेथे शासनाशी असलेला भाडेपट्टा वाचावा लागतो. दुसरी गोष्ट बोजा. व्यवसाय चालू असताना मालकाने त्याच्या जोरावर कर्ज घेतलेले असते. दुकान बंद झाल्यावर हप्ते थकतात आणि जागा गहाणच राहते. बोजा उतरल्याखेरीज खरेदी करणे धोक्याचे असते. तिसरी गोष्ट, अनुसूचित क्षेत्र. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, जिवती हा पट्टा यांत पेसा कायद्याखाली येणारी गावे आहेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल कायद्याचे निर्बंध आहेत, आणि राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनी ग्रामसभेला मादक पदार्थांबाबतही अधिकार दिले आहेत. तेथे ग्रामसभेला वगळून काहीच करू नये. चौथी गोष्ट, परवाना. जागा विकत घेताना परवाना त्या जागेवरून रद्द झाला आहे की हलवला गेला आहे, याचे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे लेखी पत्र घेतलेच पाहिजे. नाहीतर घर बांधायला काढलेल्या जागेवर परवान्याचा हक्क सांगणारा वारस पाच वर्षांनी उभा राहतो.

बांधकामाच्या दृष्टीने अशी जागा तुलनेने निरुपद्रवी असते. पेट्रोल पंपाच्या जागेसारखे जमिनीत मुरलेले तेल येथे नसते. फुटलेल्या बाटल्यांची काच मात्र मागच्या अंगणात वर्षानुवर्षे साचलेली असते आणि पायाच्या खोदकामात ती वर येते. तिथे मुले खेळणार असतील, तर वरचा फूटभर थर काढून नवी मुरूम-माती टाकणे आवश्यक असते. उघड्यावर वाहणारी नाली शोषखड्ड्यात घ्यावी लागते. जुन्या भिंती मजबूत असल्या तरी त्या तशाच ठेवून घर करण्याचा मोह टाळलेला बरा. जाळीची खिडकी आणि उंच ओटा राहिला, तर दुकानही लोकांच्या मनातून जात नाही.

याविषयी जगात आणि देशात इतरांनी काय केले, हे पाहणेही उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये खेड्यातील मद्यालये गेली अनेक वर्षे मोठ्या संख्येने बंद पडत आहेत आणि त्यांच्या जागी घरे बांधण्याचे प्रस्ताव येत आहेत. तेथे मात्र गावकरी बहुधा त्याविरुद्ध उभे राहतात. त्या देशातील खेड्यात मद्यालय हे चावडीसारखे असते. लग्नाची, मृत्यूची, पिकाची बोलणी तेथेच होतात. २०११ च्या एका कायद्याने अशी वास्तू ‘समाजाला मोलाची’ म्हणून नोंदविण्याची सोय झाली. नोंद झालेली वास्तू विक्रीला निघाली की गावाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. २०१७ पासून मद्यालय पाडण्यासही रीतसर नियोजन-परवानगी लागते. कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने तर आपले मद्यालय २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर स्वतःच विकत घेतले. आपल्याकडील स्त्रिया जे बंद करण्यासाठी दहा-दहा वर्षे झगडतात, तेच वाचविण्यासाठी तेथील गाव वर्गणी काढते.

या विरोधात एक समान धागाही आहे. दोन्हीकडे गाव एकच गोष्ट विचारते आहे : या जागेचे काय व्हावे हे ठरविण्याचा अधिकार फक्त मालकाचा आणि सरकारचा, की गावाचाही? इंग्लंडच्या कायद्याने गावाला काही महिन्यांची मुदत दिली. महाराष्ट्राने २००८ च्या आदेशाने मतदान दिले. गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिले की गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद होते. या मतदानाने महाराष्ट्रातील अनेक गावांत दुकाने बंद झाली. मात्र त्याचा अधिकार शटरपर्यंतच पोहोचतो. बंद झालेला परवाना दुसरीकडे जागा शोधू शकतो आणि रिकामी जागा आहे तशीच राहते. ती जागा पुढे कोणासाठी वापरावी, यावर मतदान नाही, मुदत नाही, खरेदीचा अग्रहक्कही नाही.

बिहारने एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी केली, तेव्हा बंद दुकानदारांपुढे ‘सुधा’ या सहकारी दूध संघाचे विक्रीकेंद्र चालविण्याचा पर्याय ठेवला गेला. दारूच्या जागी दूध ही कल्पना आकर्षक होती आणि तीत एक व्यावहारिक शहाणपणही होते : ज्याचा धंदा गेला, त्याच्यापुढे काहीतरी ठेवले पाहिजे, हे सरकारला कळले होते. चंद्रपुरात अशी कोणतीही व्यापक योजना बंदीबरोबर आली नाही. दुकानमालक, नोकर, वेटर, हमाल यांना एका तारखेला घरी बसावे लागले. त्यांच्यातील बहुतेकांनी कायद्याने परवानगी दिलेला धंदाच केला होता आणि शासनाला शुल्कही भरले होते. त्यांच्या मनात बंदीविषयी राग राहिला तर त्याचे नवल नाही. बंद दुकानाची जागा घरकुलासाठी वाजवी दरात विकत घेतली गेली असती, तर त्या पैशातून काहींना नवा धंदा उभा करता आला असता, आणि वाट पाहत बसण्याचे कारणही कमी झाले असते. गावाने जागा मिळवावी, पण मालकाला लुबाडून मिळवू नये; तसे केले तर गावात एक नवे वैर पेरले जाते.

आता पुन्हा गडचिरोलीच्या वाटेकडे वळू. शहर सोडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येते. वाटेत चातगावजवळ बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे; २०१६ पासून जिल्ह्यात चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाशी ही संस्था जोडलेली आहे. धानोरा येण्यापूर्वी मेंढा-लेखा लागते. गोंड वस्तीचे हे लहानसे गाव निर्णय बहुमताने घेत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. दिल्ली-मुंबईतले सरकार मान्य, पण गावात आम्हीच सरकार, अशी या गावाची भूमिका देशभर गाजली.

मेंढ्यासारख्या गावात ‘जागा कोणाची’ हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला जातो. गोटुल, म्हणजे गावातील तरुण-तरुणींची आणि पुढे साऱ्या गावाची एकत्र बसण्याची वास्तू, कोण्या एकाच्या मालकीची नसते. इंग्लंडच्या खेड्याला मद्यालय गेल्यावर जी पोकळी जाणवते, ती येथे भरून काढायला दुकान लागत नाही. येथील मद्याचा प्रश्नही सरळ नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मोहाची दारू आदिवासींच्या देवकार्याचा आणि मृत्युसंस्काराचा भाग राहिली आहे, घरात गाळली जाते, आणि बंदी असूनही चोरून विकलीही जाते. परवान्याचे दुकान गेले म्हणून दारू गेली, असे गडचिरोलीतही झालेले नाही. झाले ते इतके की दारूला गावाच्या तोंडाशी, दिव्याखाली, राजमान्य जागा उरली नाही. आणि गावाला विरोध करायचा तर कायदा गावाच्या बाजूला आहे.

या मासिकाच्या वाचकांचा या प्रश्नाशी संबंध आहे, आणि तो केवळ दान देण्यापुरता नाही. वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा पेठांत मोक्याच्या जागेवरचे गाळे हे व्यापारी कुटुंबांचे पिढीजात धन असते. श्रावकाचारात मद्य सात व्यसनांत गणले आहे आणि मद्यासारख्या रसांचा व्यापार, म्हणजे रसवाणिज्य, पंधरा कर्मादानांत वर्ज्य सांगितले आहे. म्हणून आपण तो व्यापार करीत नाही. परंतु गाळा भाड्याने देताना सर्वाधिक भाडे देऊ करणारा भाडेकरू कोण असतो, हे पेठेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. भाड्याच्या जागेवरचा परवाना मालकाच्या कराराशिवाय उभा राहत नाही. तेव्हा भाडेकरारात जागेचा ‘वापर’ सांगणारे जे एक कलम असते, ते गुमास्त्याने टंकलेल्या मसुद्यावर सोडून न देता स्वतः वाचणे, तेथे कोणता व्यवसाय चालणार नाही हे स्पष्ट लिहिणे, आणि त्यामुळे महिन्याला कमी पडणारी रक्कम समजून-उमजून सोसणे, एवढे प्रत्येक मालकाच्या हाती आहे. ज्यांच्या वाट्याला जुन्या कराराने अशी जागा आली आहे, त्यांना मुदत संपताना तिचे पुढे काय करायचे हे ठरविता येते. एखादी जागा घरकुलांसाठी वाजवी दरात देणे हा त्यांतला एक मार्ग आहे.

दुकानाच्या जागी घर झाले म्हणजे गावातले व्यसन सुटेल, असे कोणी समजू नये. जुने गिऱ्हाईक काही काळ सवयीने त्याच वळणावर थांबेल. नव्या घरातील बाईला रात्री दाराची कडी घट्ट लावावी लागेल. शेजारी नावे ठेवतील, घराला पुढे कित्येक वर्षे ‘भट्टीजवळचे घर’ म्हणतील. मंजुरीच्या यादीत नाव असूनही अशा जागेत राहायला जायचे की नाही, हे त्या कुटुंबाने, विशेषतः त्या घरातील स्त्रीने, ठरवायचे आहे. तिचा होकार नसेल, तर तेथे अंगणवाडी, बचतगटाचे गोदाम किंवा धान्याचे कोठार होऊ शकते. गावाने निर्णय घ्यावा, पण जिला तेथे झोपायचे आहे तिला विचारूनच घ्यावा.

बंदी येते आणि जाते, हे चंद्रपूरने सहा वर्षांत पाहिले. मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत झालेला निर्णय दुसऱ्या बैठकीत फिरविता येतो. तीन कुटुंबांची घरे उभी राहिली, दारात तुळस लागली, मुलांची नावे शाळेच्या पटावर त्या पत्त्याने चढली, की ती जागा पुन्हा दुकानासाठी मोकळी करणे कोणत्याही सरकारला सोपे राहत नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नमुना ८ ची नोंदवही असते. तीत प्रत्येक मिळकतीचे वर्णन आणि तिचा वापर लिहिलेला असतो. ज्या ओळीत आजवर ‘दुकान’ लिहिले होते, तेथे ग्रामसेवकाने ‘निवासी घर’ असे लिहिले आणि मालकाच्या रकान्यात पती-पत्नी दोघांची नावे घातली, की गावाच्या दप्तरी काम पूर्ण होते.